भाचा 'अ‍ॅक्टिव्ह ड्युटी'वर आहे, म्हणजे लढाईवर गेला का हो?

या महिन्यात फौजेतल्या शब्दांवरची पत्रं बरीच आलीत. एका मावशींचा प्रश्न मुख्य आणि बाकीचे त्याच्याच आजूबाजूचे, म्हणून सगळे एकत्रच घेतोय.

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासला असतो. ग्रीन कार्ड झाल्यावर तिकडच्या आर्मीच्या रिझर्व्हमध्ये लागला. महिन्यातून एक शनिवार-रविवार जायचा, एरवी त्याची आयटीतली नोकरी चालू. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, मी आता अ‍ॅक्टिव्ह ड्युटीवर आहे." तेव्हापासून बहीण धड जेवत नाही, तिला वाटतंय पोराला लढाईवर पाठवलं आणि तो आपल्यापासून लपवतोय. तो तर म्हणतो मी टेक्सासमध्येच आहे. खरं काय मानायचं? (एक मावशी, नाशिक)

उत्तर: मावशी, भाचा सांगतोय ते खरं असू शकतं, बहिणीला आधी पोटभर जेवायला सांगा. अमेरिकेत अ‍ॅक्टिव्ह ड्युटी म्हणजे पूर्णवेळ फौजेची नोकरी, बस. त्यांच्या कायद्यातली व्याख्याच तशी आहे, की फौजेतली फुल टाइम ड्युटी ती अ‍ॅक्टिव्ह ड्युटी, आणि त्यात ट्रेनिंगसुद्धा येतं, फौजेच्या शाळेत कोर्स करत बसलेला सोल्जरपण येतो. लढाईचा त्या शब्दात उल्लेखच नाही. फोर्ट ब्लिस नावाच्या टेक्सासमधल्या लष्करी तळावर दिवसभर कॉम्प्युटरवर स्टोअरचा हिशोब ठेवून संध्याकाळी घरी येऊन पोरांचा अभ्यास घेणारा सार्जंटसुद्धा अ‍ॅक्टिव्ह ड्युटीवरच असतो. लढाईच्या किंवा परदेशातल्या मोहिमेसाठी त्यांचा शब्द वेगळा, डिप्लॉयमेंट. तो शब्द भाच्याच्या तोंडून आला तर काळजी करा, त्याआधी नको.

गोंधळ का होतो तर त्यांच्याकडे अर्धवेळ फौज खूप मोठी आहे आणि रोजच्या बोलण्यात हा फरक सतत करावा लागतो. एक रिझर्व्ह, दुसरी नॅशनल गार्ड. दोघांचं साधारण गणित महिन्याला एक वीकेंड आणि वर्षाला दोन आठवडे, बाकी वेळ माणूस शिक्षक असतो, पोलीस असतो, तुमच्या भाच्यासारखा आयटीवाला असतो. नॅशनल गार्डचं अजून एक लफडं म्हणजे तिला राज्याचा गव्हर्नरपण बोलावू शकतो आणि केंद्र सरकारपण. पूर आला, वादळ आलं म्हणून गव्हर्नरने बोलावलं तर ती राज्याची ड्युटी, वॉशिंग्टनने बोलावलं तर केंद्राची, आणि दोन्हीकडे पूर्णवेळ काम केलं तरी कागदावर ते वेगळं मोजतात. इतकं की केंद्राच्या कायद्यातल्या अ‍ॅक्टिव्ह ड्युटीच्या व्याख्येतून 'फुल टाइम नॅशनल गार्ड ड्युटी' मुद्दाम वगळलीय. म्हणजे गार्डवाला पोरगा महिनोन्महिने युनिफॉर्ममध्ये असला तरी व्याख्येप्रमाणे तो अ‍ॅक्टिव्ह ड्युटीवर असेलच असं नाही. सरकारी कागद कुठलेही असोत, डोकं फिरवायचं काम सगळीकडे सारखंच!

आता भाच्याला दोनच गोष्टी विचारा. ऑर्डर किती दिवसांची आहे, आणि डिप्लॉयमेंट आहे का. पहिल्या प्रश्नाला महत्त्व अशासाठी की रिझर्व्हमधल्या माणसाची ऑर्डर ३० दिवसांपेक्षा जास्त असली की त्याला आणि बायकापोरांना फौजेचं आरोग्यकवच मिळतं, ज्याला ते ट्रायकेअर म्हणतात. आयटीतल्या नोकरीचं काय होईल हाही प्रश्न बहिणीच्या मनात असणारच, तर १९९४ चा एक कायदा आहे त्याप्रमाणे फौजेने बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मालकाने कामावर घ्यावंच लागतं, त्याची एकूण मर्यादा साधारण पाच वर्षांची, आणि काही प्रकारची ड्युटी तर त्या पाच वर्षांत धरतही नाहीत. घराचं किंवा गाडीचं कर्ज आधीपासून असेल तर २००३ च्या दुसऱ्या कायद्याने व्याजाचा दर ६ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, पण ते आपोआप होत नाही, ऑर्डरची कॉपी लावून बँकेला लेखी कळवावं लागतं. हे त्याला आठवणीने सांगा, तरणी पोरं असल्या कागदांचा कंटाळा करतात.

आणि परत येताना एक कागद मिळेल तो जपून ठेवायला सांगा. डीडी २१४ म्हणतात त्याला, आपल्याकडच्या डिस्चार्ज बुकचा अमेरिकन भाऊ. रिझर्व्हवाल्याला तो सलग ९० दिवस किंवा जास्त अ‍ॅक्टिव्ह ड्युटी झाली की मिळतो. त्यातला १२ नंबरचा रकाना बघायचा, तिथे ओळीने लिहिलेलं असतं की कधी आत आला, कधी बाहेर पडला, या खेपेला निव्वळ अ‍ॅक्टिव्ह किती झाली, आधीची अ‍ॅक्टिव्ह किती, आणि आधीची इनअ‍ॅक्टिव्ह किती. अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह या दोन आकड्यांत फार फरक आहे. कॉलेजच्या फीसाठी जो मोठा लाभ आहे तो पुरा मिळायला ३६ महिने अ‍ॅक्टिव्ह लागते, ९० दिवसांवर अर्धा सुरू होतो, आणि वीकेंडची हजेरी त्यात धरत नाहीत. पेन्शनचंही तसंच, २० वर्षं सलग अ‍ॅक्टिव्ह केलेल्याला बाहेर पडल्या पडल्या पेन्शन चालू, आणि रिझर्व्हमध्ये २० वर्षं काढणाऱ्याला साधारणपणे वयाच्या साठीपर्यंत वाट बघावी लागते.

प्रश्न: मी पुण्यात लॉ करतोय. आर्मी अ‍ॅक्ट १९५० वाचताना 'अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस'ची व्याख्या बघितली तर ती पूर्णवेळ नोकरीची वाटत नाही. मग आमच्या शेजारी राहणारे सदर्न कमांडमधले सुभेदार काका अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर आहेत की नाहीत? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: शाब्बास, बरोबर पकडलंस. काका पूर्णवेळ फौजी आहेत, पगार घेतायत, आर्मी अ‍ॅक्ट त्यांना चोवीस तास लागू आहे, पण पुण्यात बसून ते त्या व्याख्येतल्या अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर नाहीत. आपल्या कायद्यात हा शब्द लढाईचाच आहे. शत्रूविरुद्ध कारवाई करणाऱ्या फौजेत असणं, शत्रूने व्यापलेल्या मुलखात किंवा तिकडे कूच करताना असणं, नाहीतर परक्या देशाचा ताबा घेतलेल्या फौजेत असणं, अशा तीन वेळा व्याख्येत दिल्यात. म्हणजे नाशिकच्या मावशींच्या बहिणीला जी भीती वाटली ती आपल्या कायद्याच्या हिशेबाने बरोबरच होती, शब्द फक्त अमेरिकेचा होता.

याला एक मोठी पुरवणी आहे ती विसरू नकोस, कलम ९. केंद्र सरकार नोटिफिकेशन काढून सांगू शकतं की अमुक भागात नेमणुकीवर असलेले लोक अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर आहेत असं मानलं जाईल. काश्मीर आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी अशी नोटिफिकेशनं निघालेली आहेत. त्यामुळे तिथे गोळी चालो न चालो, कागदावर माणूस अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर धरला जातो.

याने फरक काय पडतो ते बघायचं तर शिक्षेची कलमं बघ. पहाऱ्यावरचा संत्री झोपला तर एरवी सात वर्षांपर्यंत कैद, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर झोपला तर चौदापर्यंत. पळून गेला, ज्याला डेझर्शन म्हणतात, तर एरवी सात वर्षांपर्यंत, आणि अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असताना किंवा तिकडे जायचा हुकूम हातात पडल्यावर पळाला तर थेट मृत्युदंडापर्यंत. शिवाय कलम ७०. जवानाने सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी कोर्ट मार्शलला, म्हणजे फौजेच्या स्वतःच्या कोर्टाला, तो खटला चालवताच येत नाही, तो साध्या कोर्टाकडे जातो, पण माणूस अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असला, भारताबाहेर असला किंवा सरकारने नेमलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर असला की कोर्ट मार्शलला अधिकार येतो. काश्मीरमधल्या केसेसवर एवढी वर्षं जे वाद झाले त्यात बऱ्याच वेळा या कलमावर युक्तिवाद झालेत, आणि माझं मत विचारशील तर कलम ९ चं नोटिफिकेशन वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवणं ही सरकारची आळशी सवय आहे, दर काही वर्षांनी त्याचा खरोखर फेरविचार व्हायला पाहिजे.

चांगल्या बाजूनेही फरक पडतो. १९२५ च्या वारसा कायद्यात सैनिकाला एक सवलत आहे, तो मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष लढाईत असेल आणि अठरा पूर्ण असतील तर नुसतं तोंडी मृत्युपत्र करू शकतो, दोन साक्षीदारांसमोर बोलला की झालं. पण तो जिवंत राहून त्या परिस्थितीतून बाहेर आला की महिन्याभरात ते तोंडी मृत्युपत्र बाद होतं, आणि अशी केस खूप घरांना माहीतच नसते.

जाता जाता, 'ऑन ड्युटी' हा तिसराच प्रकार आहे, त्याची अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसशी गल्लत करू नकोस. कॅज्युअल लीव्ह नियमात ड्युटी म्हणून धरतात. अशा सुट्टीवर असताना स्टेशनवर ट्रेनमधून उतरताना हात गेलेल्या एका हवालदाराला सुप्रीम कोर्टाने १९९९ साली डिसॅबिलिटी पेन्शन दिली होती. नंतरच्या निकालांत मात्र कोर्ट जरा कडक झालं, अपघाताचा आणि नोकरीचा काही संबंध दाखवा म्हणायला लागलं. परीक्षेत दोन्ही बाजू लिही.

प्रश्न: माझा मुलगा टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, भरतीला उतरतोय. गावात म्हणतात पर्मनंट आर्मीची नोकरी आहे, सोयरीकपण त्याच्यावर जमायला लागलीय. टीए पूर्णवेळ आहे का? (एक वडील, कागल)

उत्तर: सोयरीक जमवताना मुलीकडच्यांना हे वाचायला द्या, नंतर भांडण नको. टेरिटोरियल आर्मी ही पूर्णवेळ नोकरी नाही. टीए स्वतःच आपल्या जाहिरातीत सांगते की हा रोजगार नाही, ज्याचं आधीच बाहेर काहीतरी कामधंद्याचं नक्की आहे त्याच्यासाठी ही आहे. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला तिचा पहिला कँप झाला. आपल्या भागात कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन, तुमचा मुलगा बहुतेक त्यातल्याच एका भरतीला जात असेल.

तिथे ऐकायला येणारे शब्द म्हणजे 'एम्बॉडी' आणि 'डिसएम्बॉडी'. बटालियन एम्बॉडी झाली, म्हणजे माणसांना बोलावून घेतलं, की तेवढा काळ तुमचा मुलगा पक्का फौजी, पगार, रेशन, आर्मी अ‍ॅक्ट सगळं रेग्युलरवाल्यासारखं. डिसएम्बॉडी केलं की घरी, आणि पगारपण बंद. अमेरिकन भाच्याची रिझर्व्हमधून अ‍ॅक्टिव्ह ड्युटीवर गेल्याची जी गोष्ट वर सांगितली ती आपल्याकडे याच शब्दात बोलली जाते. प्रत्यक्षात मात्र काही इन्फंट्री बटालियन वर्षानुवर्षं एम्बॉडी राहतात, काश्मीर आणि ईशान्येत त्यांना कायम काम असतं, आणि म्हणूनच गावात 'पर्मनंट' हा समज पसरतो, कारण टीएतला पोरगा सुट्टीला आला की युनिफॉर्म, ट्रंक, कँटीनची बाटली सगळं रेग्युलरवाल्यासारखंच दिसतं. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीएतल्या सगळ्यांना गरजेप्रमाणे बोलवायचा अधिकार दिला आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करायला मंजुरी दिली, तो आदेश ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतचा आहे. त्यामुळे येत्या काळात बोलावणं येण्याची शक्यता चांगली आहे, पण शक्यता आणि हमी यात फरक असतो हे सोयऱ्यांना सांगा.

पेन्शनचा मुद्दा नीट समजून घ्या. जवानाला पेन्शन पाहिजे तर १५ वर्षं एम्बॉडी सर्व्हिस भरावी लागते, नुसती नावनोंदणीची १५ वर्षं चालत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी कधी एम्बॉडी झाला, कधी डिसएम्बॉडी झाला ते मुलाला स्वतःच्या वहीत लिहून ठेवायला सांगा आणि पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे युनिटमध्ये होणाऱ्या सर्व्हिसच्या नोंदीची, कॉपी जमेल तेव्हा घेत राहा, वीस वर्षांनी युनिटमध्ये तुम्हाला ओळखणारा क्लार्क नसतो. बाहेरची नोकरी असेल तर कायद्याप्रमाणे परत आल्यावर ती मिळायला पाहिजे. लहान कंपनीचा मालक ते ऐकतो का ही गोष्ट वेगळी.

प्रश्न: आजोबांच्या डिस्चार्ज बुकात कलर सर्व्हिस १० वर्षं आणि रिझर्व्ह ५ वर्षं असं लिहिलंय. वडील म्हणतात ते पंधरा वर्षं फौजेत होते, काका म्हणतात दहाच. (एक वाचक, सातारा)

उत्तर: दोघंही बरोबर आहेत, जेवणाच्या पंगतीतला वाद मिटवून टाका. कलर म्हणजे पलटणीचं निशाण, त्या निशाणाखाली प्रत्यक्ष पूर्णवेळ काढलेली वर्षं म्हणजे कलर सर्व्हिस. त्यानंतर आजोबा घरी आले, शेती केली, पण पाच वर्षं त्यांचं नाव रिझर्व्हच्या यादीत होतं, बोलावणं आलं की जायचं बंधन होतं, आणि त्याचा कायदा तर १८८८ चा. त्या काळात ७ आणि ८, ९ आणि ६, १० आणि ५ अशा जोड्या असायच्या, बेरीज पंधरा. पंधरा कशासाठी, तर दोन्ही मिळून पंधरा भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. ती घरात कुणाला चालू होती का, आजी आहेत का, हे बघून सैनिक कल्याण कार्यालयात बुक घेऊन जा, मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या. पेन्शनचं काम आता 'स्पर्श' पोर्टलवर झालंय आणि जुन्या रिझर्व्हिस्टांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असतो, आधी ते तपासा.

नेव्हीत हीच जोडी दहा आणि दहाची होती, दहा वर्षं 'अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस' आणि दहा फ्लीट रिझर्व्ह, आणि १९७६ मध्ये रिझर्व्हमध्ये पाठवणं बंद केल्यावर दहा वर्षांवर घरी आलेले नौसैनिक पेन्शनसाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले. म्हणजे बघा, नेव्हीच्या कागदात तोच शब्द पूर्णवेळ नोकरीच्या अर्थाने आहे, आर्मी अ‍ॅक्टमध्ये लढाईच्या. पुण्याच्या विद्यार्थ्याने हेही टिपून घ्यावं. रिझर्व्हचं बंधन आपल्याकडे आता घरोघरी जाणवत नाही, पण कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू, घरांत विचारलंत तर तिथे आधी सगळ्यांची सक्तीची 'सदीर', ज्याला पुढे राहायचंय त्याची 'केवा', आणि मग वर्षानुवर्षं 'मिलुईम', म्हणजे रिझर्व्हचं बोलावणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन लाखांहून जास्त माणसं अशी कामधंदा सोडून गेली.

प्रश्न: सचिन ग्रुप कॅप्टन आणि धोनी लेफ्टनंट कर्नल आहे, मग ते फौजेच्या ड्युटीवर कधी असतात? (एक क्रिकेटवेडा, डोंबिवली)

उत्तर: मानद, भाऊ, मानद! सचिनला हवाई दलाने २०१० मध्ये मान दिला, धोनीला टीएने २०११ मध्ये. ती नोकरी नाही. धोनीने मात्र २०१९ मध्ये ३१ जुलैपासून पंधरा ऑगस्टपर्यंत काश्मीरमध्ये टीएच्या पॅरा बटालियनबरोबर खरोखर पहारा आणि गस्त केली, त्याबद्दल त्याला सलाम.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत नॅशनल गार्डमध्ये आहे. आता तिला तिकडची सिटीझनशिप मिळतेय, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) काढायचं म्हणतेय. गार्ड तर अर्धवेळ आहे, काही अडचण? (एक आई, ठाणे)

उत्तर: आहे, आणि ही बऱ्याच जणांना तिकीट काढल्यावर कळते. ओसीआयच्या नियमात साफ लिहिलंय की परदेशी फौजेतले लोक, नोकरीत असोत वा निवृत्त, त्यांना ओसीआय मिळत नाही. तुम्ही 'अ‍ॅक्टिव्ह नाही, अर्धवेळ आहे' यावर भरवसा ठेवून फॉर्ममध्ये फौजेचा रकाना कोरा सोडू नका, माहिती लपवली म्हणून पुढे कार्ड रद्द व्हायची वेळ येते. भारतीय पासपोर्ट सरेंडर करायच्या आधीच वकिलातीला तिच्या ड्युटीचा प्रकार लिहून लेखी उत्तर मागवा. तोवर यायचं झालं तर साध्या व्हिसावर यावं लागेल. आणि व्हिसाच्या फॉर्ममध्येही फौजेत आहात का किंवा होतात का हा प्रश्न असतो, तिथे 'हो'च लिहायचं. गार्डमध्ये असताना परदेशात जायला तिच्या युनिटची परवानगी लागते का तेही निघायच्या बरंच आधी तिला विचारून घ्यायला सांगा.